सहाशे मिली

बेटावर पाण्याला तोटा नाही.
आडवा पाऊस, उभा पाऊस,
पडायचं विसरून नुसता लोंबकळणारा पाऊस,
चारी बाजूंना समुद्र,
आणि ओस्लाला दिवसाला सहाशे मिली.
त्यात सूप धरायचं, दूध धरायचं,
गोळ्या गिळायचा घोटसुद्धा.

तिच्या आईने निळ्या मापट्यावर रेघ मारलीय.
संध्याकाळी पाचलाच मापटं कोरडं.
मग ओस्ला बर्फाचा एक खडा मागून घेते
आणि तो लवकर विरघळू नये म्हणून
जीभ न हलवता माझ्याशी बोलते.
सात वर्षांची आहे. बोबडी नाही, हिशेबी आहे.

हॉलचा खजिनदार मी. लॉरी म्हणतात.
एकतीस वर्षं फेरीबोटीवर दोर फेकले,
आता नाणी मोजतो.
रविवारचा चहा आम्ही कशाकशासाठी केला:
लाइफबोटीसाठी, गळक्या छपरासाठी,
एकदा तर पियानोच्या चार दातांसाठी.
केक, बिस्किटं, रूबार्बचा मुरंबा,
आणि किटलीमागून किटली.

या वेळी बीनी उठून म्हणाली,
मूत्रपिंडाच्या संशोधनासाठी पैसे जमवायचे
आणि चहाचा पूर आणायचा,
ओस्लासमोर?
कुणी काही बोललं नाही.
रेडिएटर तेवढा खडखडला.

म्हणून ठरलं:
एक दिवस सगळ्यांनी तिच्या मापाने प्यायचं.
माणशी दहा पौंड. माप ओलांडलं तर वीस.

सकाळी सगळे शूर.
अकराला शाळेच्या बाईंचा आवाज बसला.
दुपारी मॅग्नीने मेंढ्यांच्या कुंडाकडे असं पाहिलं
की कुत्र्यानेच मान फिरवली.
पाद्रीबाबा चारला, कुणी न विचारता,
डब्यात वीस पौंड टाकून नळाखाली वाकले.
मी तग धरला. त्यात बढाई नाही,
मी दिवसभर झोपून होतो.
रात्री बाराला घराघरांत दिवे लागले
आणि पाइपांतून एकदम आवाज आला,
अख्खं गाव एकाच घशाने पीत असल्यासारखा.
एका घरात दिवा आधीपासूनच होता.
तिथे मशीन पोटात पाणी सोडतं, काढून घेतं,
सोडतं, काढून घेतं,
रोज रात्री, दहा तास.

थेंबे थेंबे तळे साचे, असं पैशांबद्दल म्हणतात.
ओस्लाच्या अंगात ते खरोखर साचतं:
आधी पापण्यांखाली, मग घोट्यांत,
बोट दाबलं की खळगा राहतो.

तीन हजार चारशे अठरा पौंड, वीस पेन्स.
एक डॅनिश नाणं आणि एक बटण.
पैसे ग्लासगोला पाठवले. बटण माझ्याकडे आहे.

मार्चमध्ये पत्र आलं, हाताने सही केलेलं.
तुमच्या पैशांतून, लिहिलं होतं,
एका डीप फ्रीजरचा आठ महिन्यांचा खर्च निघेल.
त्यात मुलांच्या लघवीचे, रक्ताचे नमुने असतात,
उणे ऐंशी अंशांवर.
उत्तर कधी मिळेल ते सांगता येत नाही.

फ्रीजर? बीनी म्हणाली.
मला वाटलं, निदान औषध तरी.
ओस्लाच्या आईने पत्र दोनदा वाचलं,
होती त्याच घड्यांवर परत मिटलं.
तिच्यासाठी नाहीच हे, लॉरी, म्हणाली,
आणि पुढच्या वर्षीच्या तारखेसाठी
हॉलची चावी मागितली.

तहान लागल्यावर विहीर खणू नये, खरं आहे.
पण ज्या घरात तहान आहे त्याच घराने
अजून न जन्मलेल्या कुणासाठी कुदळ उचलली,
हे कुठे लिहायचं?
माझ्या वहीत तसा रकाना नाही.

ओस्लाने विचारलं, केवढा फ्रीजर?
मी हात पसरून दाखवले.
आत बर्फ असतो?
असतो, म्हटलं, कडेकडेने, बोटभर.
ती गप्प झाली. गालात खडा होता.
मग, जीभ न हलवता:
तो कुणी चाखत नाही ना?