चमचा

दारूखान्यात जहाज तुटायला आलं की
पहिल्यांदा पितळ जायचं,
मग गाद्या, आरसे, संडासाची भांडी.
पंच्याण्णव साली, बहुतेक मार्चमध्ये,
वार्षिक परीक्षा होती एवढं नक्की,
खलाशांच्या करमणुकीच्या खोलीतून
हातगाडीवर आडवं टाकून आणलं ते मशीन,
आजारी माणसाला न्यावं तसं, चादर घालून.

छेडाशेठनं ते टायरच्या दुकानामागे उभं केलं.
नाण्याच्या फटीत आपला रुपया जाईना,
म्हणून शेठ वॉशर विकायचा,
रुपयाला दोन.

पडद्यावरची अक्षरं कुठली, कुणाला ठाऊक.
आम्ही म्हणायचो, चायना.
मोठ्या डोक्याचा एक माणूस
बर्फाच्या गावातून कुत्री मारत चालायचा.
तिसऱ्या लेव्हलला, विहिरीशेजारच्या मडक्यात
त्याला एक चमचा मिळायचा.
उचलला की खाली उमटायची अक्षरांची एक ओळ,
आणि बस्स.
त्यानं कुत्रं मरत नव्हतं, दार उघडत नव्हतं,
आणि टाकू म्हटलं तर टाकताही येत नव्हता.

इस्माईल म्हणाला, बोटीवरच्या भंडाऱ्याचा आहे.
भंडारी तापानं गेला, त्याला दर्यात सोडला,
चमचा मागे राहिला,
तो मशीननं ठेवून घेतला.
कसा ठेवला, हे आम्ही विचारलं नाही.

रेमंडचा मामा माझगाव डॉकला वेल्डर,
त्यामुळे रेमंडला जास्त माहीत.
हा गेम काढणारा चित्रकार म्हणे मुंबईत येऊन गेला,
भेंडीबाजारात पाया खाल्ला
आणि चमचा खिशात घालून निघून गेला.
चोरीची वस्तू, लाभणार कशी?

चंदू कांदळगावकर गळ्याला चिमटा घेऊन म्हणाला,
आईशप्पथ, घाटकोपरला एकानं
ह्याच चमच्यानं राजाला मारला.
घाटकोपरला नेहमी कुणीतरी एक असायचा
ज्यानं सगळं केलेलं असायचं.

मी असलं काही पसरवलं नाही.
म्हणजे, एकदाच.
म्हटलं, तो औषधाचा चमचा आहे.
हा माणूस घरी पडून आहे,
बर्फ, कुत्री, विहीर, सगळं त्याच्या तापात दिसतंय,
आणि दर चार तासांनी कुणीतरी त्याचं तोंड उघडतंय.
कुणी हसलं नाही.
आमच्या घरात तेव्हा काय चाललंय
ते सगळ्यांना माहीत होतं.
नंतर तो चमचा टाकून बघायचा प्रयत्न
कुणीच केला नाही.

ती ओळ मी उतरवून घेतली,
लाँगबुकच्या शेवटच्या पानावर, बॉलपेननं,
अक्षरं नव्हे, चित्र काढावं तशी.
इस्माईलनं माणसाला उभा धरला,
मी मान वरखाली करत राहिलो,
शेवटच्या दोन खुणा राहिल्या तोवर
कुत्र्यांनी त्याला फाडला.
एक वॉशर गेला.

परवा भाचीनं, ऋजुतानं, त्या पानावर फोन धरला.
आधी आलं: मांजर, दक्षिण.
मग पान जरा तिरकं केलं तर आलं:
नाव नंतर ठरवू.
म्हणाली, कुणीतरी काम करताना लिहून ठेवलं असणार,
आणि राहून गेलं असणार.
शिवाय अर्धी अक्षरं तू चुकीची काढलीयस, मामा.

इस्माईल आता मुंब्र्याला,
एसीचे सुटे भाग विकतो.
रात्री फोन करून त्याला सांगितलं,
शब्दाला शब्द.
थोडा वेळ गप्प राहिला.
मग म्हणाला, अरे, तेच तर मी तेव्हापासून सांगतोय.
भंडारी बोटीवर नवीनच चढला होता.
त्याचं नावच कुणाला माहीत नव्हतं.

तुला कुणी सांगितलं रे हे, विचारलं.
म्हणाला,
घाटकोपरला एक होता.