दोन मिलिमीटर

अस्मारात पाणी ब्याण्णव अंशांनाच उकळतं.
शहर उंचावर आहे, त्याला घाई असते.
यंत्राला हे कुणी सांगितलं नव्हतं.
समुद्रसपाटीवरच्या माणसांनी ते बनवलं,
बोटीने मसावाला उतरवलं,
तिथून घाट चढून आलं, म्हणे, गवतात गुंडाळून.

आता ते आमच्या घरात आहे.
म्हणजे बॉयलर स्वयंपाकघरात,
पत्रे पलंगाखाली
आणि नट-बोल्ट आईच्या इंजेराच्या टोपलीत.
त्यावरून दोन दिवस अबोला.

बस अड्ड्याजवळचा बार बंद झाला तेव्हा
मालकाने थकल्या पगाराऐवजी हे बाबाला दिलं.
एकतीस वर्षं हीच दांडी ओढली होती त्याने.
एकदा ती हातातून सुटली, उसळली,
आणि खालचा एक दात घेऊन गेली.
घरी आणल्यावर त्याने तिच्यावर चादर टाकली.

चादर मी काढली.
मी रेडिओ दुरुस्त करते; आतून बिघडलेलं
मला झाकलेलं बघवत नाही.

पहिला नट चार दिवस हलेना.
रॉकेल घातलं, मग शिव्या घातल्या,
टिग्रिन्यातल्या संपल्यावर इटालियनमधल्या.
त्याच बहुधा कळल्या त्याला.

बॉयलरच्या पोटात चुन्याचे थर.
लिंबाचं सत्त्व विरघळवून ओतलं,
रात्रभर आत कुणी कुजबुजत असल्यासारखं.
सकाळी पापुद्रे निघाले:
पांढरे, मग पिवळट,
मग एक तपकिरी, नखाएवढा जाड.
“तेव्हा पाणी टँकरचं होतं,” बाबा दारातून म्हणाला
आणि गेला.
कोणत्या साली, ते मी विचारलं नाही.

दट्ट्याचे वॉशर मात्र कुजून गेलेले.
मुसिएने स्टॉकहोमहून चार पाठवले,
कुणाच्या तरी सामानातून, मोज्यात घालून.
मोजा मला नेमका बसला.
वॉशर दोन मिलिमीटर मोठे.
“लांबून सगळं मोठंच दिसत असेल त्याला,”
शेजारच्या अदेय त्सेगेरेदा म्हणाल्या,
“आणि जेबेनाला कधी पाना लागतो का गं?”
त्यांच्या जेबेनातली तिसरी कॉफीही मी पिऊन आले.

मग काचेवर सँडपेपर, त्यावर वॉशर,
गोल, गोल, मेणबत्तीच्या उजेडात.
पहिला वाकडा झिजला.
दुसरा फाटला.
तिसरा मी ज्या रात्री रागावले होते
त्या रात्रीमुळे पातळ झाला.
चौथ्याच्या वेळी घाई केली नाही.
दोन मिलिमीटर म्हणजे तीन रात्री,
हे माप कुठल्या पट्टीवर नसतं.

वीज आली रात्री अकराला.
काटा हलला. अर्धा. पाऊण.
नळ्या तडतडू लागल्या, झाकण थरथरलं,
मी दांडीकडे हात नेला.
“अजून नाही,” आतल्या खोलीतून,
अंधारातून, बहुतेक झोपेतूनच.
मी थांबले.
मला सगळे आवाज सारखेच.
बऱ्याच वेळाने पलंग करकरला.
“हं.”

पहिला कप तांब्याचा लागला, मोरीत ओतला.
दुसरा लिंबाचा.
तिसऱ्याला बाबा दारात येऊन उभा राहिला,
चादर खांद्यावर, तीच चादर.
दांडी खाली खेचली, पूर्ण वजन टाकून.
आत पाणी शिरल्याचा एक घोट ऐकू आला.
मग हळूच सोडायला घेतली,
आणि ती वर येऊ लागली, सावकाश,
जाड, काळी धार कपात ओढत.

बाबा चार पावलं लांब होता.
तरी त्याची हनुवटी मागे सरकली,
थोडीशीच,
दोन मिलिमीटर म्हणा.

“दळण जाड झालंय,” तो म्हणाला.
कप मात्र दोन्ही हातांत धरून ठेवला.
खालून अजून एक थेंब गळतोय.
तिथे मी वाटी ठेवली आहे.