शरणपूरची पट्टी

बाप तांबट आळीत कल्हई करायचा.
नवसागराचा धूर, कापसाचा बोळा, एक वळसा,
की पातेल्यात स्वतःचं तोंड दिसायचं.
मीही कथीलच वितळवतो, पण थेंबाथेंबाने,
राळेच्या वासात.
मुंगीला कल्हई करतोस, म्हणायचा.

शांतवन भालेराव मला न्यायला आले.
ऑर्गन दुकानात येणार नाही, म्हणाले,
त्याला हलवायला सहा माणसं आणि कमिटीचा ठराव लागतो.

मागची फळी काढली.
गीतांची पानं कुरतडून उंदराने केलेलं घरटं,
कुणाच्या तरी बाप्तिस्म्याचं पोस्टकार्ड, सन एकाहत्तर,
आणि त्यामागे अंधारात
एक्क्याण्णव दातेरी चाकं, जुन्या रुपयाएवढी,
प्रत्येकाच्या तोंडाशी चुंबकाची कांडी.
दात चुंबकापुढून जातो, तेवढाच सूर.
भाता नाही, वारा नाही.
तेल दोऱ्यांतून चाकांपर्यंत जातं,
सुती दोरे, समईतल्या वातींसारखे,
कधीचे कोरडे.

तेल घातलं. आठ दिवस थांबलो.
दोरे घाईघाईत पीत नाहीत.
मग पहिलं बटण आठ मोजेपर्यंत दाबून धरलं,
दुसरं लावलं,
चाकांनी कण्हत वेग घेतला.
घरघर होती. फुगलेला कपॅसिटर काढला, गेली.
चार पट्ट्या मुक्या होत्या.
शंभर शंभरदा दाबल्या, तारा घासून निघाल्या, बोलल्या.
इथपर्यंत माझं काही चुकलं नाही.

शेवटी भाच्याची पेटी शेजारी ठेवली.
पांढरी एक दाबली.
ऐकू आली पांढरी सहा, खालची.
सगळाच्या सगळा ऑर्गन खाली बसलेला.
एक सूर बेसूर असता तर कळलं असतं,
इथं सगळेच एकमेकांना धरून होते.
मागच्या पितळी पाटीवरची काजळी पुसली: साठ सायकल.
कुणा मिशनरीबाईने बोटीने आणलेला,
सोबत व्होल्ट उतरवायला ट्रान्सफॉर्मर आणलेला,
पण आपली वीज सेकंदाला पन्नासच हेलकावे घेते.
तिकडे एकलहऱ्याला टर्बाइन फिरतं,
इकडे त्याच्या पावलावर पाऊल टाकत ही चाकं.

सातपूरच्या भंगारातून एक डबा उचलला,
पन्नासाचे साठ करणारा. दुरुस्त केला, जोडला.
पेटीशी तंतोतंत.
त्या रात्री मी दोन चहा जास्त प्यायलो.

रविवारी शेवटच्या बाकावर बसलो.
भालेरावांनी पहिली ओळ वाजवली, सगळे उभे राहिले.
तिसऱ्या शब्दाला सालोमीबाई पगारे थांबल्या.
दानिएल टाचा उचलून गायला.
चौथ्या ओळीला ऑर्गन एकटाच वर पोचला,
खाली माणसं पुस्तकात बघत राहिली,
जणू छपाईच चुकली.

बाहेर सालोमीबाईंनी गाठलं.
तूच का तो? चांगलं केलंस बाबा.
पण आईने हे गाणं ज्या फळीवर ठेवलं होतं
तिथं माझा हात पोचायचा.

बाप पोचा काढायच्या आधी विचारायचा,
हा ठेवायचा का?
मला ते धंद्याचं बोलणं वाटायचं.
पण काही बायका खरंच म्हणायच्या, असू दे,
अंगठा तिथंच बसतो.

सोमवारी डबा काढला.
फळीला आतून पेन्सिलने लिहिलं:
एक म्हणजे सहा. बिघाड नाही. छेडू नये.
बिलात तेल, कपॅसिटर, मजुरी.
पट्टी चढवल्याचे काही नाही.
उतरवल्याचे साडेचारशे.
ते भालेरावांनी वेगळे दिले, पाचशेची नोट.
माझ्याकडे सुटे नव्हते.
पन्नास देणं आहे अजून.