बारा की सोळा

सावद्याच्या केळीच्या काट्यावर विमान मोजलं,
काट्यावरच्या पोराने पावती फाडली:
माल इतर. वजन चारशे एकतीस किलो.
नकाशात लिहिलंय तीनशे सत्तर.
मधले एकसष्ट माझे.
एकेकाची तारीख पाठ आहे मला:
जाड प्लायवुड, कारण पातळ मिळालं नाही,
सागाची जादा पट्टी, कारण भीती वाटली,
पुढच्या काचेला दुहेरी चौकट,
तीही भीतीच, फक्त स्क्रू लावून बसवलेली.

शरीफ पिंजारी म्हणाला, "भो, तुह्यं इमान जड झालं."
त्याच्या तोंडी विमानाचं नेहमीच इमान होतं.
मला उगाच दुसरा अर्थ लागला,
गप्प राहिलो.

आता चाकांच्या पायांना रबरी दोर निवडायचा.
आत रबराचे शेकडो धागे, वरून सुताची वीण.
खाली येताना जमीन जे काही सुनावते
ते ऐकून घेणारा तेवढाच एक.
बारा मिलिमीटरचा आणलाय. सोळाचाही आणलाय.
सोळा हातात घेतला की धीर येतो.

आधी सोळा बांधला.
कप्पीने वीतभर उचललं, सोडलं.
विमान उसळलं, टेकलं, पुन्हा उसळलं,
पहिल्यांदा दाव्याला बांधलेल्या गोऱ्ह्यासारखं,
आणि शेपटीकडे लाकडात कुठेतरी
अडकित्त्यात सुपारी फुटल्यासारखं वाजलं.
मग बारा.
बसलं ते बसलंच.
पंख्याचं पातं भुईपासून चार बोटांवर.

शरीफच्या आज्याने जन्मभर गाद्या पिंजल्या.
तात कशी बोलते ते ह्याच्या कानात आहे.
ताणलेल्या सोळाला त्याने नखाने छेडलं.
"हा बोलतच नाही. सगळं हाडाले सांगतो."
बाराला छेडलं, कान लावून थांबला.
"हा लई बोलतो. एक वेढा वाढव, बेतात बोलीन."

वाढवला.
एक सुटा तुकडा रात्रभर बल्लीला टांगला,
खाली साठ किलो केळीचे घड, भिंतीवर खडूची रेघ,
ओझ्याखाली रबर किती ढिलं पडतं ते बघायला.
सकाळी पाहतो तर दोर रेघेच्या दोन बोटं वर!
मी ओरडलोच: हे तर रात्रीतून ताठ झालं!
शरीफने घड फिरवून पाहिले.
दोन फण्या गायब.
गोडाऊनच्या पोरांचा नाश्ता झाला होता.

मग ऐरण टांगली. ऐरण कोणी खात नाही.
तिसऱ्या दिवशी बोटभर खाली.
बोटभर चालतं.

चहा पिताना शरीफ म्हणाला,
"सारं मोजलं. बसनार कोन?"
नकाशातला माणूस सत्तर किलोचा.
मी काट्यावर उभा राहिलो. त्याच पोराने, न हसता,
पावती फाडली: माल इतर. ब्याण्णव.
"अजून अर्धा वेढा दे," शरीफ म्हणाला.
म्हटलं, अर्धा वेढा होत नाही, एक तरी होतो नाहीतर नाही.
"मंग अर्धी भाकर सोड."

जळगावच्या दुकानदाराला फोन लावला:
बाराचा, अठरा मीटर.
विणीतला रंगीत धागा बघून द्या, सालाचा रंग असतो तो,
मला यंदाचा हवा. जुना नको,
आमच्याकडे मे महिन्यात रबर सावलीतही म्हातारं होतं.

"कशाले पाहिजे? टपावर सामान बांधायले?"
नाही.
"मंग?"
इथवर ज्याने त्याने उडण्याचंच विचारलं होतं,
किती वर, किती लांब, यावलवरून दिसेल का.
उतरायला, मी म्हटलं.

पलीकडे कोणीतरी रबर मोजत होतं, हातावर हात.
"उतरायले कशाले लागतो दोर? चढायले लागतो."

विहिरीत उतरायला लागतो की, म्हटलं.

"हा," तो म्हणाला. "अठरा लिहू का एकोणीस?"