पुन्हा उघडणाऱ्यास

तुम्ही कोण असाल, ठाऊक नाही.
आज कदाचित मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला असाल,
सयाजी हॉस्पिटलसमोरच्या टपरीवर
उधारीचा चहा पीत,
हृदय म्हणजे अजून पानावरची रंगीत आकृती.

मुलीचं नाव हेमांगी माने.
वय अकरा महिने, वजन सात किलो शंभर.
आज घातलेली नळी हिच्याबरोबर वाढणार नाही,
झबलं आखूड होतं तशी आखूड पडेल,
आणि बारा-तेरा वर्षांनी हे हाड
तुम्हाला पुन्हा कापावं लागेल.
म्हणून लिहून ठेवते.

मला खानविलकरकाका आठवतात, फत्तेपुऱ्यातले.
पहिलं ऑपरेशन दुसऱ्या कुणाचं, सतरा वर्षांपूर्वीचं.
हाडाखाली हृदय वेगळं सापडलंच नाही,
कढईला लागलेल्या खरवडीसारखं
हाडालाच धरून बसलेलं.
करवत एक सूत खाली गेली.
पुढचं केसपेपरवर आहे,
इथे नको.
दोष शरीराचा नव्हता.
जखम झाली की त्याला एवढंच कळतं:
जे जवळ असेल ते धर, सोडू नकोस.

हिचे वडील रावपुऱ्यात फोटो मढवतात,
लग्नातले, वारलेल्यांचे, गल्ल्यामागे लावायच्या देवांचे.
सही करायच्या आधी म्हणाले, आत काय ठेवणार ते सांगा.
मी म्हटलं, पातळ पडदा. हृदय आणि हाड यांच्यामध्ये.
चिकटू नये म्हणून.
ते पेन तसंच धरून राहिले. मग म्हणाले,
"डॉक्टरबेन, फोटो काचेला कधी टेकू द्यायचा नसतो.
एका चौमासात धरतो.
मग काढायला जावं, तर चेहरा काचेबरोबर येतो.
गिऱ्हाईक म्हणतं, मधली पट्टी कशाला, उगाच खर्च.
एक सूत जागा लागते हो.
ती शोभेची नसते."
आणि सही केली, मराठीत, पूर्ण नावाची.

त्या रात्री घरी आईचा फोटो पाहिला,
सुरसागरच्या पाळीवर उभी, एकोणऐंशी सालची.
डावा गाल काचेला लागलेला.
मी फ्रेम उघडली नाही.

तर, काय केलं ते:
हातमोजे दोनदा धुतले,
भुकटीचा कणसुद्धा आत राहिला
तर त्याच्याभोवती गाठ जमते.
रक्ताची एकूणएक गुठळी टिपून काढली.
कोमट पाण्याने सगळं ओलं ठेवलं,
कोरडं पडलेलं आधी धरतं.
हृदयाची मूळ पिशवी मिटवता आली नाही,
तिचाच तुकडा कापून
आतल्या भोकाला ठिगळ लावलंय.
म्हणून वरून हा पडदा,
कडेकडेने टाचलेला, ताण न देता,
ठोका मावेल इतका सैल.

खात्री देत नाही.
कधी कधी हा पडदाच जाड होऊन बसतो,
आणि त्याखालचं नीट दिसत नाही, असंही मी पाहिलंय.
आमचे मोठे सर याला अजून भानगडच म्हणतात.
तेव्हा आधी स्कॅन करा. जांघेतली रक्तवाहिनी तयार ठेवा.
घाई असली तरी नसल्यासारखी करवत धरा.

या पडद्याचं श्रेय कुणाला मिळत नाही.
आज घरी जाताना हिला त्याचा काही उपयोग नाही.
सगळं नीट झालं तर तुम्हालाही
काही विशेष वाटणार नाही,
हाड उचलाल आणि ते उचललं जाईल,
बस.

डाव्या कडेला निळ्या दोऱ्याची एक गाठ दिसेल,
बाकीच्यांपेक्षा जरा वाकडी.
ती बांधताना पारेखभाईंनी भुलीच्या मशीनमागून वेळ सांगितली,
तीन वाजून दहा मिनिटं,
आणि एकदम सगळ्यांनाच भूक लागली.
तेवढी राहिली.
सांभाळून घ्या.