हंगामी

एकसष्ट दिवस.
त्यातले नऊ रविवार, आणि एक दिवस ते तापाने पडून होते.
मी मोजलेत. पस्तीस वर्षं मी
डॉन कासिमिरो यापुरांच्या शेजारच्या टेबलावर
टाइपरायटर बडवत आलोय.

अध्यक्ष विमानात बसला, उपाध्यक्षाचा राजीनामा फॅक्सने आला,
सभापती कुठे सापडेनात.
घटनेच्या कलमांवर बोट ठेवत
मंडळी खाली खाली उतरत गेली
आणि बोट थांबलं सभागृहातल्या सर्वांत म्हाताऱ्या सदस्यावर,
कुणी उभं राहीना म्हणून जो उभा राहिला होता.

पट्टा मागच्या धिप्पाड माणसाच्या मापाचा.
उबाल्दिनाबाईंनी केसातली पिन काढून पाठीमागे टोचली.
शपथेच्या फोटोत ते जरासे पुढे झुकलेत.
पेपरवाले त्याला नम्रता म्हणाले.

कागदोपत्री नावाआधी ‘हंगामी’.
ते हसले : आमच्या पठारावर हंगाम एकच, बटाट्याचा.
रात्रभर दंवात टाकायचा, सकाळी पायांनी तुडवायचा,
मग तो दहा वर्षं टिकतो.

लष्कराने एक फाईल तीनदा पुढे सरकवली.
दोनदा त्यांनी व्याकरणाच्या चुका काढून परत धाडली.
तिसऱ्यांदा चूक नव्हती.
रात्रभर दिवा जळत होता.
सकाळी म्हणाले, तारीख कालची आहे, आज कसा सही करू?

तरी खाणीजवळच्या पुलावर गोळ्या चालल्याच.
चार माणसं.
त्याबद्दल त्यांनी माझ्याकडून
आजवर एक ओळ टाइप करून घेतलेली नाही.

मधेच सातुर्निनाच्या खटल्याची तारीख आली,
दिराशी पाण्याच्या पाळीचा, एकवीस वर्षं चाललेला.
मुदतीचा अर्ज करा, म्हणाले.
कारण काय घालू?
‘वकिलांची वैयक्तिक अडचण.’
न्यायाधीशांनी दोन महिने दिले.

निवडणूक झाली. पट्टा घडी करून दिला,
पिन त्यातच राहिली.

सोमवारी ते बसने आले, मांडीवर तीच चामड्याची पिशवी.
सातुर्निना पायरीवर बसली होती, शालीत बटाटे बांधून.
नमस्कार नाही, चमत्कार नाही.
‘कुठे होता तुम्ही?
तुमच्या मुदतीत दिराने दोनदा पाणी वळवलं.’

त्यांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला.
मग माझ्याकडे न बघता म्हणाले,
कागद चढवा.