नळाशेजारची लिहिणारी

ऑगस्ट संपता संपता ती दिसली.
मागच्या दाराच्या नळापासून भेंडीच्या तिसऱ्या झाडापर्यंत
जाळं ताणलेलं, आणि ती मधोमध, डोकं खाली.
पिवळी, काळी. पाय धरले तर
माझा तळहात भरेल एवढी.
अलाबामाच्या या कोपऱ्यात चाळीस वर्षं
मी लोकांच्या पाण्याचे मीटर वाचले.
लोखंडी झाकण उचललं की काहीही निघायचं,
साप, विंचू, एकदा कुणाची तरी लग्नातली अंगठी.
कधी ओरडलो नाही.
परवा ओरडलो.

आमच्याकडे हिला लिहिणारी म्हणतात.
जाळ्यावर जाड पांढऱ्या धाग्याची
नागमोडी ओळ असते, वरून खाली,
घाईत खोडलेल्या शब्दासारखी.
लूडी मावशी सांगायची,
तिच्यापुढे दात काढायचे नाहीत, ती मोजते.
मोजून झाले की माणूस आटोपला.
आणि तिच्या कानावर कुणाचं नाव पडू द्यायचं नाही.
ऐकलेलं नाव ती रात्रीत लिहिते,
आणि लिहिलेल्या नावाला
पुढच्या पेरणीपर्यंत ओ द्यायला कुणी उरत नाही.

दातांचं म्हणाल तर माझे
न्हाणीघरात पेल्यात असतात. मोज म्हणावं.

झाडू घेऊन गेलो खरा.
टोक लागलं मात्र, तिनं अख्खं जाळं हलवायला घेतलं,
पुढे-मागे, इतकं जोरात
की ती दिसेचना, नुसता पिवळा थरथराट.
आतून आर्डिथ म्हणाली, कोण आलंय?
कुणी नाही, म्हटलं.
मग कुणी नाही त्याला बसायला सांगा, म्हणाली.

हल्ली ती असं बोलते.
वसंतात आधी डब्यांची झाकणं हरवली,
मग भाचरांची नावं,
मग चर्चहून घरी येणारा रस्ता, जो सरळच आहे.
जूनमध्ये माझं नाव गेलं.
मला आता मीटरवाले म्हणते,
तिच्या बापाच्या फाटकाशी पहिल्यांदा म्हणाली होती तसंच,
मान जराशी कलती करून.
गेल्या मंगळवारी स्वतःचं गेलं.

नळ मी लिहिणारीला सोडून दिला.
स्वयंपाकघरातून बादली भरतो,
गॅसच्या टाकीमागून वळसा घालून भेंडीला घालतो.
निम्मं पाणी पायावर.
रात्री टॉर्च घेऊन बघितलं:
मधलं सगळं ती खाऊन टाकते. ओळसुद्धा.
पहाटे पुन्हा लिहायला बसते.
जाळ्याच्या कडेला तिचा नर असतो,
तपकिरी, तांदळाएवढा,
एक धागा धरून, गप्प.
त्याला कोण विचारतंय.
मी मात्र बराच वेळ त्याच्यावरच उजेड धरला.

आज सकाळी मला जाग यायच्या आत
आर्डिथ नाइटगाउनवर बाहेर.
पाहतो तो जाळ्यापासून वीतभर अंतरावर उभी,
नाक पुढे करून.
शर्टांच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं काजं शिवली तिनं.
झिगझॅग आहे, म्हणाली.
धागा चांगला आहे, पण ताण जास्त झालाय,
धुतला की चुणी पडेल.
तिची बोटं हवेत मशीनचा स्क्रू
पाव फेरा सैल करत होती.
लिहिणारी हलली नाही.

मग मला विचारलं,
तुम्ही वाचता ना? काय लिहिलंय वाचा.

मी आकडे वाचले आयुष्यभर.
भेंडीवर दव होतं, लांब कुठे ट्रक गिअर बदलत होता.
लूडी मावशीला मनात म्हटलं, माफ कर.
आणि मोठ्यानं म्हणालो, आर्डिथ.
पुन्हा म्हणालो, आर्डिथ लिहिलंय.
तिनं मान डोलावली, शेजारणीचं नाव ऐकावं तशी.
आणि खाली?
खाली होबार्ट, म्हटलं.
एकाच ओळीत बसवलंय.

दाटीवाटीनं, म्हणाली, आणि हसली,
तोंडभर, सगळे दात दाखवत, तिचे स्वतःचे, खरे,
आणि माझा हात
मला न विचारता
तिच्या तोंडापुढे गेला.